कॅमेरा समोरच लागणार

"सर को लेके आओ ना आंटी, उनको बराबर समझाता मैं," असं दुकानदारानं पुन्हा म्हटलं, तशी प्रमोदिनीबाईंनी हातातली पर्स काउंटरवर आदळली.

"सर गेले. कायमचे गेले. आता घरातले सर मीच. समजावायचं तर मला समजावा, नाहीतर शेजारचं दुकान उघडंच आहे."

दुकानदार चपापला. माणूस भला होता. जीभ चावून त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "माफ करना आंटी. बैठो. कायकू होना बोलो कॅमेरा?"

"पूजा सांगायचीय. डब्लिनला."

उस्मानपुऱ्यातल्या त्या दुकानात तेवढ्यापुरती सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाईंना इतकं बरं वाटलं म्हणता! बघू द्या की. कुणापासून चोरून थोडंच करायचंय?

आता हे डब्लिनचं प्रकरण नीट सांगायला पाहिजे. प्रमोदिनीबाई गारखेड्यात राहतात, दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. मुलगा मिहिर बंगळुरूला. नवरा गेला तेव्हा सल्ले द्यायला ही रीघ लागली होती. कुणी म्हणे जप करा, कुणी म्हणे मिहिरकडं जाऊन राहा, एकीनं तर विणकामाच्या सुयाच आणून दिल्या. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बायकांच्या पौरोहित्य वर्गात नाव घातलं. संथा घेतली, पाठांतर केलं, उच्चार घासूनपुसून लख्ख केले. वर्गात शिकवणाऱ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, की प्रमोदिनीइतकं स्वच्छ कुणी म्हणत नाही.

आणि उपयोग काय? बरोबरच्या बायकांना बारशी, सत्यनारायण, मंगळागौरी मिळायला लागल्या. प्रमोदिनीबाईंना बोलावणं यायचं ते दहाजणींत बसून आवर्तनं म्हणायला, तेही मागच्या रांगेत. शुभकार्य म्हटलं की यजमानीणबाई फोनवर साखर पेरल्यासारख्या बोलायच्या, "तुमच्या वर्गातल्या दुसऱ्या कुणी मोकळ्या नाहीत का हो?" कारण कुणी सांगत नव्हतं. बाईही विचारत नव्हत्या, मुकाट्यानं दुसरीचा नंबर द्यायच्या. आतल्या आत मात्र जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोला.

अशात चारुताचा फोन आला. वरच्या मजल्यावरच्या विशाखाताईंची ही मुलगी. आई नोकरीवरून येईपर्यंत शाळेनंतरची सगळी दुपार हिनं प्रमोदिनीबाईंच्या स्वयंपाकघरात मेतकूटभात खात काढलेली. आता नवऱ्याबरोबर डब्लिनला होती, आणि तिथं त्यांनी घर घेतलं होतं.

"काकू, वास्तूची पूजा तूच सांगायचीस. आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडणार, म्हणजे तू समोर बसल्यासारखी दिसशील. आई इथं आलीच आहे. शंतनूचे आईबाबा नाशिकहून बघतील."

"अगं चारुता, मी म्हणजे..."

"तू काय म्हणणार ते मला माहितीये. म्हणू नकोस. हो म्हण."

त्या हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसत्या घरभर फिरत होत्या. पहिली पूजा! मागची रांग नाही, घोळका नाही, आचार्य म्हणून एकट्या.

पण घरात होता मिहिरचा कॉलेजातला लॅपटॉप. त्याच्या कॅमेऱ्यानं कधीच मान टाकलेली, आणि त्याचा माइक बोललेल्यातलं अर्धंच पलीकडं पोचवायचा. मंत्रातलं अक्षर गळलं तर देव समजून घेईल, पण शंतनूची आई घेईल का? म्हणून हे दुकान.

दुकानदारानं मग सगळं मन लावून दाखवलं. कॅमेरा निवडला, चेहरा अगदी लख्ख दाखवणारा. "इसका खुद का माइक बस नाम का है आंटी, आवाज के वास्ते अलग लेना," म्हणून उभ्या दांड्याचा एक माइक. चेहऱ्यावर उजेड पाडणारा, भिंतीतल्या प्लगवर चालणारा गोल दिवा. आणि लॅपटॉपला वायर खोचायची तोंडं दोनच, त्यातलं एक मिहिरनं केव्हाच मोडून ठेवलेलं, म्हणून एका तोंडाची चार करणारी चपटी डबी. हिला हब म्हणतात, ही माहिती बाईंनी मनात नोंदवली.

घरी येऊन खोकी उघडतायत तोवर मिहिरचा फोन. "आई, तू कशाला हात लावू नकोस. मी दिवाळीत आलो की सगळं जोडून देतो."

"आणि दिवाळीपर्यंत चारुतानं काय सामान घेऊन अंगणात राहायचं?"

"अगं, चुकीचं काही खोचलंस तर..."

"तर बिघडेल. ठेव फोन."

पदर खोचला आणि बसल्या. पहिल्यांदा कॅमेऱ्यात पंखा दिसला. मग नुसतं नाक. मग अँगल जमला, तर मागं नवऱ्याचा फोटो, चंदनाच्या हारासकट, अगदी त्यांच्या डोक्यावर बसल्यासारखा. बाईंनी त्याच्याकडं वळून बघितलं. "तुम्ही नका हो मध्ये येऊ आता," म्हणाल्या आणि टेबलच फिरवलं, म्हणजे मागं देवघर आलं. गोल दिवा लावल्यावर चेहरा असा उजळला, की त्यांना कसंसंच झालं आणि त्यांनी तो पटकन बंद केला. मग स्वतःचाच राग आला. बंद का करायचा? फुटाण्याएवढं बटण दाबून तो परत लावला.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी मधुसूदनभाऊजी आले. नवऱ्याचे हे थोरले भाऊ. राहायला समर्थनगरला, बँकेतून निवृत्त, आणि घराण्यात काहीही कार्य निघालं की सोवळं नेसून पुढं बसायचा मान यांचा. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. भावाच्या आजारपणात दवाखान्याचे जिने चढून चढून यांचे गुडघे गेले. प्रमोदिनीबाई ते विसरलेल्या नाहीत, म्हणूनच तर त्यांच्यापुढं बोलणं जड जायचं.

त्यांनी टेबलावरची मांडामांड बघितली. माइकला बोट लावून बघितलं.

"छान घेतलास. आवाज स्वच्छ जाईल. बास झालं की मग. कॅमेरा कशाला?"

"दिसायला."

"त्यांचा चालू राहू दे ना. ते तुला दिसतील, कलश कुठं ठेवला, सुपारी कुठं ठेवली, सगळं कळेल. तुझा तेवढा बंद ठेव. मंत्र काय, ऐकायचे असतात."

"बंद का ठेवायचा?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "शंतनूच्या घरचे असणार. त्यांचे पाहुणे असतील. नवी वास्तू, पहिलं शुभकार्य. समजून घे."

"नाही समजत. सांगा."

"प्रमोदिनी, सगळंच बोलून दाखवायचं नसतं."

"का नसतं? समर्थनगरहून एवढ्या ट्रॅफिकमधून स्कूटर मारत आलात ते न बोलायला? बोला की."

"विधवा बाईनं..." एवढं म्हणून भाऊजी थांबले. शब्द तोंडातून गेला आणि त्यांचाच चेहरा पडला.

"हां! आता कसं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळे या शब्दाला वळसा घालून जातायत. निदान तुम्ही तरी उच्चारलात."

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय गं. उद्या त्या घरात काही कमीजास्त झालं, कुणाला साधी सर्दी झाली तरी तुझं नाव घेतील. लोकांची तोंडं तुला माहीत नाहीत."

"चांगली माहीत आहेत. रोज फोनवर ऐकते."

मग भाऊजींना मार्ग सुचला. त्यांना तो अगदी मनापासून चांगला वाटत होता, हे विशेष. "असं करू. मी बसतो कॅमेऱ्यापुढं. सोवळं नेसून येतो. तू शेजारी खुर्ची टाकून बस, कॅमेऱ्यात येणार नाहीस अशी. मंत्र तूच म्हण. मी ओठ हलवीन."

बाईंना आधी हसूच आलं. मोठ्यानं हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता कुठंतरी असं लागलं, की हसू तिथंच थिजलं.

"मंत्र माझे आणि तोंड तुमचं?"

"पूजा निर्विघ्न होण्याशी मतलब."

"होईल की. मला बघून ज्याला विघ्न वाटेल त्यानं डोळे मिटून घ्यावेत. कॅमेरा समोरच लागणार भाऊजी. आणि त्याच्यापुढं मीच बसणार. चहा ठेवते, साखर कमी ना?"

चहा न पिताच ते निघाले. दारात मात्र वळून म्हणाले, "मी उद्या येतो. ऐनवेळी लागलो तर असावं कुणी."

तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. प्रमोदिनीबाई पहाटेच उठलेल्या, न्हालेल्या, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेल्या. एक उजळणी झाली, दुसरी झाली. भाऊजी खरंच आले. पितांबर नेसून, वर शाल घेऊन, कपाळाला गंध लावून तयार. नाटकात दुसऱ्याची भूमिका पाठ करून विंगेत उभं राहतात तसे भिंतीशी खुर्ची घेऊन बसले.

आणि मग बाईंच्या हातून ते झालं.

पूजेला बसायचं तर आधी सगळ्या साहित्यावर पाणी शिंपडून ते शुद्ध करून घ्यायचं, ही संथा. हाताला वळणच पडलेलं. ताम्हन झालं, समई झाली, पोथी झाली. मग बाईंच्या मनात आलं, की आजच्या पूजेचं खरं साहित्य तर हे टेबलावर मांडलंय. किती हातांतून, किती गोदामांतून आलेलं! त्यांनी मंत्र म्हणत दुर्वांची जुडी पंचपात्रात बुडवली आणि झटकली. कॅमेऱ्यावर एक, माइकवर एक, दिव्यावर एक, आणि त्या चपट्या डबीवर जरा सढळ हातानं, कारण चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जाणार होतं.

डबीवरचा निळा दिवा एकदा मिचकावला आणि गेला. पडद्यावरचा त्यांचा चेहराही गेला.

"अगं बाई!" त्यांनी डबी उपटली, पदरानं पुसली, फुंकर मारली, परत खोचली. काही नाही. उलटी करून झटकली तर चार तोंडांतून चक्क पाणी ठिबकलं. वर्गात शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं हो, आणि तिथंच घात झाला.

मागून भाऊजी हळूच म्हणाले, "देवानंच उत्तर दिलं म्हणायचं."

असं म्हणायला नको होतं त्यांनी. बाईंचा हात तिथल्या तिथं थांबला. क्षणभर त्यांनाही वाटून गेलं, खरंच तसं असेल तर? मागच्या रांगेतच बसायचं लिहिलेलं असेल तर? मग त्यांनी त्या डबीकडं बघितलं, दुर्वांकडं बघितलं आणि भडकल्याच.

"देवाला काय तेवढाच उद्योग आहे? पाणी मी ओतलं. माझ्या हातानं. अक्कल माझी गेली होती, देवाची नाही."

आता काय होतं शिल्लक? लॅपटॉपचं एक तोंड. फक्त एक. त्यात एक तर माइक जाईल, नाहीतर कॅमेरा. बाईंचा मोबाइल इतका जुना, की त्यावर व्हिडिओ लावला की तो बंदच पडायचा, आणि भाऊजींचा तर बटणांचा. पलीकडून कॉलची घंटी वाजायला लागली.

"माइक लाव, माइक," भाऊजी उठून जवळ आले. या वेळी त्यांच्या बोलण्यात आडपडदा नव्हता, खरीच काळजी होती. "पूजा म्हणजे आवाज. आवाजच गेला नाही तर काय सांगणार तू? चेहऱ्यावाचून अडतंय का कुणाचं? शहाणी असशील तर माइक लाव."

बोलणं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं. कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. बाईंनी एका हातात माइकची वायर धरली होती, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याची. घंटी वाजतच होती. माइक लावला तर पूजा छान होईल, मंत्र स्वच्छ जातील, सगळे म्हणतील वा वा. आणि टीव्हीवर एक काळी चौकट असेल. तिच्याआड कोण बसलंय याच्याशी कुणाला घेणंदेणं नसेल. मग ही पूजा झाल्यावर दुसरीकडूनही बोलावणं येईल, तिथंही म्हणतील, तुमचा आवाज इतका गोड, कॅमेरा राहू द्या.

त्यांनी कॅमेऱ्याची वायर खोचली.

"प्रमोदिनी!"

"आवाजाचं बघते मी. नावाला का होईना, याला माइक आहे. मी चढवीन की आवाज."

"खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल."

"जाऊ द्या. त्यांचीही वास्तू शुद्ध होईल. सरका तुम्ही, उजेड अडतोय."

आणि कॉल उचलला. पडद्यावर एका चौकटीत डब्लिनचं घर उघडलं. भिंती पांढऱ्याफेक, खोकी अजून रचलेली, मध्ये पाट, पाटावर चारुता आणि शंतनू. मागं विशाखाताई. दुसऱ्या चौकटीत नाशिकचे सासूसासरे सोफ्यावर ताठ बसलेले.

"काकू! केवढी मोठी दिसतेस टीव्हीवर! आवाज जरा लांबून येतोय गं."

"आता?" प्रमोदिनीबाईंनी पोटातून आवाज काढला.

"आता मस्त!"

शंतनूची आई चष्मा सारखा करून पडद्याजवळ आली. तिनं बाईंचं मोकळं कपाळ बघितलं, गळा बघितला. बघण्याचा तो प्रकार प्रमोदिनीबाईंना चांगला ओळखीचा होता. नवऱ्याच्या कानाशी तिनं काहीतरी म्हटलं. आणि नाशिकची चौकट काळी झाली. कॉल तोडला नाही, कॅमेरा तेवढा बंद केला. नुसतं नाव राहिलं.

भिंतीशी भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत, पण खोलीभर तेच भरून राहिलं. डब्लिनमध्ये शंतनू मान खाली घालून पाटावरचे तांदूळ सारखे करायला लागला. चारुताच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

प्रमोदिनीबाईंना लागलं. का नाही लागणार? पण गंमत अशी, की लागल्यावर भीतीच गेली. जे व्हायचं भय होतं ते होऊन चुकलं आणि त्या अजून तिथंच बसलेल्या होत्या, दिव्याच्या उजेडात, अख्ख्या दिसत.

"आचमन करा," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं पळी, उजव्या हातावर पाणी. शंतनू, मान वर. इकडं बघायचं."

आवाज असा लागला की शंतनूनं खरंच मान वर केली. आचमन झालं, संकल्प झाला. एकेक अक्षर बाई पलीकडं पोचवत होत्या, दम लागत होता, घामानं लुगडं पाठीला चिकटलं होतं. थांबल्या नाहीत.

मग आचार्यवरण आलं. म्हणजे यजमानानं पूजा सांगणाऱ्याला मान द्यायचा, आमचं कार्य तुम्ही करा अशी विनंती करायची. पुरुष गुरुजी असले तर गंध लावतात. बायकांच्या वर्गात शिकवलेलं होतं हळदकुंकू. फक्त प्रमोदिनीबाईंना एकदा बाजूला घेऊन वर्गातल्याच कुणीतरी सांगितलं होतं, "तुमच्यापुरतं गंध म्हणा, चालतं." त्यांनी पाठांतर तसंच केलं होतं.

भाऊजींना क्रम ठाऊक होता. भिंतीशी बसून त्यांनी ओठ हलवले, आवाज न काढता. गंध. गंध म्हण.

प्रमोदिनीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग कॅमेऱ्याकडं बघितलं.

"आता आचार्यांना हळदकुंकू लावायचं," त्या म्हणाल्या, चढ्या आवाजात, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा. "आचार्य मी आहे. यजमानीणबाई, उठा."

डब्लिनमध्ये कुणी हललं नाही. विशाखाताईंचा हात तोंडावर गेला. शंतनूनं बायकोकडं बघितलं, मग तिकडच्या टीव्हीकडं, जिथं त्याच्या आईच्या नावाची काळी चौकट असणार.

चारुता उठली. करंड्यात बोट बुडवून ती चालत आली, मोठी मोठी होत आली, इतकी जवळ, की बाईंना नुसता हिरवा पदर आणि हातातल्या बांगड्या दिसल्या. हात वर गेला, जिथं त्यांचा टीव्ही होता, आणि बराच वेळ तिथंच राहिला.

मग चारुताचा आवाज आला, रडवेला आणि हसराही. "काकू, जास्तच लागलं गं. बोट फिरलं. टीव्हीभर झालंय, तुझं कपाळच दिसेना, सगळं लाल दिसतंय. थांब, फडक्यानं पुसून घेते."

"पुसू नकोस," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "बस पाटावर. कलशाला हात लाव."